लाईनच्या कामात डोळा जातो तो नशिबानं नव्हे

लाईनच्या कामावर शॉक लागून माणूस गेला तर दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, विद्युत निरीक्षक येतात, पंचनामा होतो. त्याच कामावर छिन्नीचा कण उडून कुणाचा डोळा गेला तर ती गोष्ट गँगच्या बाहेर जात नाही. गँगमधलेच दोघं त्याला मोटरसायकलवर बसवून नेतात, ठेकेदार डॉक्टरचं बिल भरतो आणि आठ दिवसांनी त्याच्या जागी दुसरा पोरगा उभा असतो. अकोल्याजवळच्या बाळापूर आणि आजूबाजूच्या गावांत पोल, तारा, टॉवर यांच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि माझ्या डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो. तो दिवस मी इथे सांगत बसणार नाही. ठेकेदाराचं नावही घेणार नाही, कारण नाव बदललं तरी वागणं तेच असतं. मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. उडून लागणारी वस्तू कोणत्या कामात, कोणत्या हत्यारातून आणि कोणत्या बाजूला उडणार, हे काम सुरू होण्याआधी सांगता येतं. जे आधी सांगता येतं त्याला नशीब म्हणून हात झटकणं ही पळवाट आहे, आणि त्या पळवाटेची किंमत दर वेळी मजूरच भरतो.

तार ओढण्यापासून सुरुवात करू. ११ केव्हीच्या लाईनवर रॅबिट किंवा डॉग तार लागते. रॅबिट तुटायला सुमारे १८०० किलोचा ताण लागतो, डॉगला ३३०० किलोच्या आसपास. झोल काढताना त्याच्या पाव हिस्सा जरी ताण आला, तरी चार-पाच क्विंटलपासून आठ क्विंटलपर्यंतचा जोर तारेत साठून बसतो. बघणाऱ्याला तार निवांत दिसते. कमअलाँगची पकड घसरली, डी शॅकलची पिन निसटली किंवा दोराची गाठ सुटली, की साठलेला जोर एका क्षणात मोकळा होतो आणि तार, पकड, पिन यांतलं जे सुटेल ते घेऊन झेपावतो. कोणत्या बाजूला? लाईन सरळ असेल तर तारेच्याच रेषेत मागे. लाईन वळत असेल तर कोनाच्या आतल्या बाजूला, कारण ताणलेली तार जवळची वाट धरते. म्हणजे कोनाच्या पोलवरची पुली निसटली तर मार कुठे बसणार, हे खड्डा खोदतानाच ठरलेलं असतं. तरीही तार खेचायचा टर्फर चालवणारा पोरगा बहुतेक वेळा कोनाच्या आतच बसवलेला दिसतो, कारण तिथं धुऱ्यावरच्या निंबाची सावली असते. पोलला ताणून धरणारी स्टे वायर कापतानाही तसंच. जुना पोल काढायचा तर टर्नबकल सैल करून, चेन पुलीवर भार घेऊन मग स्टे कापायचा असतो. घाईत तो ताणलेलाच कापतात. कापल्याबरोबर पोलादी तारेचं वरचं टोक पोलकडे आणि खालचं टोक जमिनीकडे उसळतं, आणि कापणाऱ्याचं तोंड नेमकं या दोन टोकांच्या मधे असतं. ड्रमच्या लोखंडी पट्ट्या तोडताना आणि गुंडाळीचं आतलं टोक सोडताना हेच घडतं. यातलं काहीही अचानक नाही.

दुसरा धोका हत्यारांचा, आणि आपल्या भागात तो जास्त आहे. बाळापूर तालुक्यातली बरीच गावं पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतात. ही माती लोखंड लवकर खाते. स्टे रॉडचे नट, क्रॉस आर्मचे बोल्ट, अर्थिंगच्या पट्ट्या गंजून अशा घट्ट बसतात की पाना फिरत नाही. मग घण आणि छिन्नी निघते, नाहीतर जनरेटरवर ग्राइंडर लागतो. छिन्नीचं डोकं घाव खाऊन खाऊन छत्रीसारखं फुलतं, कडेला बारीक चिरा पडतात, आणि पुढच्या एखाद्या घावाला त्या कडेची कपची सुटते. ती कपची तांदळाच्या दाण्याहून लहान असते आणि पोलादाची असते. फुललेलं डोकं घासून साफ केलं तर ती सुटतच नाही. घासायला पाच मिनिटं लागतात. मी पाहिलेल्या किती पेट्यांमध्ये घासलेली छिन्नी होती हे विचाराल, तर बोटावर मोजण्याइतक्या. एका हातोड्यानं दुसऱ्या हातोड्याला ठोकणं याहून वाईट, कारण दोन्ही तोंडं कडक केलेली असतात आणि कडक पोलाद वाकत नाही, फुटतं. पातूरकडे सरकलं की मातीखाली मुरूम आणि काळा दगड लागतो. तिथं सब्बल आणि ब्रेकरखालून दगडाची चिलफी उडते, आणि खड्ड्यात उतरलेल्या माणसाला मान फिरवायलाही जागा नसते.

ग्राइंडरचा हिशेब तर कुणीही कागदावर करून पाहावा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११००० फेरे घेतो. त्या वेगानं चार इंची चकतीची कड सेकंदाला साधारण ५८ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या वर धावते. कापायच्या चकतीची मर्यादा साधारणपणे सेकंदाला ८० मीटर धरतात आणि चकतीवर ती फेऱ्यांच्या आकड्यात छापलेली असते. आता त्याच ग्राइंडरवर गार्ड काढून सात इंची चकती बसवली, तर कडेचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या पुढे जातो. ती चकती फुटली तर तिच्या तुकड्यांचा वेग ताशी ३७० किलोमीटरच्या घरात असतो. गार्ड काढून मोठी चकती बसवण्याची रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती चुकीची आहे असं सांगणाराच नवखा ठरतो. पण अंक खोटं बोलत नाहीत. गार्ड काढायला परवानगी देणारा, किंवा काढलेला पाहून गप्प बसणारा मुकादम, त्या तुकड्याची दिशा स्वतः ठरवत असतो.

वरून पडणाऱ्या वस्तूंचंही गणित सोपं आहे. नऊ मीटरचा पोल दीड मीटर जमिनीत गेला की वर साडेसात मीटर उरतो. तिथून सुटलेला नट किंवा पाना खाली येईपर्यंत ताशी ४३ किलोमीटरचा वेग घेतो. टॉवरच्या तीस मीटर उंचीवरून तोच पाना ताशी ८७ किलोमीटरनं येतो. पारसच्या वीज केंद्रातून निघणाऱ्या मोठ्या लाईन या तालुक्यात साठच्या दशकापासून आहेत, आणि पुढे ७६५ केव्हीच्या लाईनही अकोल्यापर्यंत आल्या. टॉवरच्या कामावर हेल्मेट दिसतं, कारण तिथं तपासायला कुणीतरी येतं. वावरातल्या साध्या डीपीच्या कामावर हेल्मेट गाडीत राहतं. साडेसात मीटर काही फार नाही, असं म्हणणाऱ्यानं ताशी ४३ चा आकडा लक्षात ठेवावा. हत्याराला दोरी आणि सामानाला कापडी पिशवी एवढ्यानं हा धोका जवळपास संपतो.

या सगळ्यांत डोळ्याची जखम मला वेगळी का वाटते, तर ती फसवते म्हणून. डोकं फुटलं तर रक्त दिसतं आणि काम थांबतं. लोखंडाचा बारीक कण वेगानं डोळ्यात शिरला तर बुबुळावरचं छिद्र सुईच्या टोकाएवढं असतं आणि ते पुष्कळदा आपोआप मिटून जातं. माणसाला टोचल्यासारखं होतं, पाणी येतं, तो रुमालानं पुसतो. मिस्त्री म्हणतो, कचरा गेला असेल, पाणी मार. संध्याकाळपर्यंत दुखणं कमी होतं. आणि मग दोन-चार दिवसांनी, कधी आठवड्यांनी, माणूस सहज एक डोळा झाकतो आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर नाहीसं होतं. खरा आघात त्या क्षणी बसतो, कारण तेव्हा कळतं की जे गेलं ते आधीच गेलं होतं आणि वाचवायची वेळ आपण कामावर घालवली. आत राहिलेलं लोखंड डोळ्यातच गंजतं आणि पडदा खराब करतं. दुर्लक्ष झालेल्या जखमेमुळे क्वचित दुसऱ्या, चांगल्या डोळ्यालाही सूज येते. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्यानं कामावरच्या डोळ्यांच्या जखमांची पाहणी केली होती. त्यात जवळपास सत्तर टक्के जखमा उडालेल्या किंवा पडलेल्या वस्तूंनी आणि ठिणग्यांनी झालेल्या होत्या, आणि जखमी कामगारांच्या अंदाजानं पाचांपैकी तीन कण टाचणीच्या डोक्याहून लहान होते. एवढा कण येताना दिसत नाही. ‘बघून काम कर’ हा सल्ला इथे काहीच कामाचा नाही.

आता हरकती घेऊ. पहिली आणि सगळ्यांत आवडती हरकत अशी की चष्मा दिला होता, त्यानं घातला नाही. वर सांगितलेल्या पाहणीत जखमी कामगारांपैकी पाचांतल्या तिघांनी चष्मा घातलेला नव्हता, हे खरं आहे. पण ज्यांनी घातला होता त्यांच्यातल्या सुमारे चाळीस टक्क्यांचा चष्मा त्या कामासाठी चुकीचा होता, हा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही. बाजूनं उघडा असलेला साधा प्लास्टिकचा चष्मा ग्राइंडरपुढे पुरत नाही. युरोपच्या जुन्या मानकात ‘एफ’ अक्षराचा चष्मा सेकंदाला ४५ मीटरनं येणाऱ्या पोलादी गोळीला टिकतो, ‘बी’ अक्षराचा बंद गॉगल १२० मीटरला, आणि ‘ए’ अक्षराचा पूर्ण तोंड झाकणारा पडदा १९० मीटरला. चार इंची चकतीचा वेग ५८ मीटर आहे हे आपण पाहिलं. म्हणजे ग्राइंडरवाल्याला साधा चष्मा देऊन ‘दिला होता’ म्हणणारा माणूस अर्धीच गोष्ट सांगतो. शिवाय चष्मा ही सगळ्यांत शेवटची भिंत आहे. आधी छिन्नी घासायची, मग गार्ड ठेवायचा, मग स्टे सैल करायचा, मग माणसं योग्य जागी उभी करायची, आणि एवढं करूनही जे उडेल त्यासाठी चष्मा. पहिली चार कामं ठेकेदाराच्या आणि मुकादमाच्या हातात असतात. ती न करता पाचव्या कामाचा दोष मजुराच्या माथी मारणं मला अजूनही सहन होत नाही.

दुसरी हरकत उन्हाची. अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, घामानं काच धुरकट होते, पोरं चष्मा काढून हेल्मेटवर चढवतात. ही हरकत खोटी नाही, म्हणून तिला नीट उत्तर दिलं पाहिजे. धुरकट न होणाऱ्या आणि बाजूला हवेची छिद्रं असलेल्या काचा मिळतात. त्या थोड्या महाग असतात. झाडाच्या फांद्या छाटताना जाळीचा पडदा चालतो, पण लोखंड कापताना जाळी उपयोगाची नाही, कारण बारीक कण तिच्यातून आत येतो. कापायची आणि ठोकायची कामं सकाळी अकराच्या आत उरकता येतात. आणि मुख्य म्हणजे चष्मा दिवसभर घालायचा नसतो. घण, ग्राइंडर, ताणलेली तार आणि फुटणारे चिनीमातीचे इन्सुलेटर, या चार कामांच्या वेळीच तो लागतो. ती वेळ दिवसात तासा-दीड तासाहून जास्त नसते. याच उन्हात शॉकच्या भीतीनं माणसं रबरी हातमोजे घालतात, हे विसरू नका. भीती पटली की ऊन आड येत नाही. तारेची भीती आपल्याला शिकवली गेली, कणाची भीती कुणी शिकवलीच नाही.

तिसरी हरकत पैशाची आणि मुदतीची. केंद्रानं २०२१ मध्ये मंजूर केलेली सुधारित वितरण क्षेत्र योजना ३ लाख ३ हजार ७५८ कोटी रुपयांची. राज्यात २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीचा दुसरा टप्पा. एवढं लाईनचं काम निघालं की मुदत आखूड पडते, ठेका पोटठेक्यात जातो, पोटठेका पोलमागे दरावर जातो, आणि गँगला पोल मोजून पैसे मिळतात. छिन्नी घासायच्या पाच मिनिटांचे पैसे त्या दरात कुणी धरलेले नसतात. म्हणून मुदतीची हरकत मला उलटी वाचावीशी वाटते. घाई मजुरानं केलेली नाही, ती दरानं करवली आहे. खर्चाचं म्हणाल तर चांगला चष्मा काही शे रुपयांना येतो. त्याच्यासमोर १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचा हिशेब ठेवा. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७.९८. हिशेबाला धरायचा पगार ३ जानेवारी २०२० पासून जास्तीत जास्त १५,००० रुपये. त्याचे साठ टक्के गुणिले गुणक म्हणजे १८ लाख ७१ हजार ८२० रुपये, आणि एका डोळ्याची दृष्टी गेली तर त्याच्या तीस टक्के, म्हणजे ५ लाख ६१ हजार ५४६. डोळाच काढावा लागला तर चाळीस टक्के. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. जखमांच्या टक्केवारीचा तक्ता तिच्या परिशिष्टातही आहे. साडेपाच लाख एका बाजूला आणि काही शे रुपये दुसऱ्या बाजूला, तरीही चष्मा महाग का वाटतो? कारण साडेपाच लाख द्यावेच लागणार नाहीत याची ठेकेदाराला खात्री असते.

ती खात्री कुठून येते तेही सांगतो. आधी जखमीला ओळखीच्या खासगी दवाखान्यात नेतात, सरकारी नाही, कारण सरकारीत पोलिसांना कळवलं जातं. केसपेपरवर ‘घरी पडून लागलं’ असं लिहून घेतात. मग पाच-दहा हजार हातावर ठेवतात, तू आपलाच माणूस आहेस, बरा झालास की ये, असं म्हणतात आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही घेतात. हजेरीपटावरून नाव जातं. महिन्यानंतर फोन उचलला जात नाही. हे सगळं इतक्या गोड बोलीत होतं की माणसाला तक्रार करणं कृतघ्नपणाचं वाटतं, आणि हेच मला सगळ्यांत जास्त डाचतं. पण या सहीला कायद्यात वजन नाही. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार १९२३ च्या कायद्यानं रद्दबातल ठरवला होता, आणि एकरकमी तडजोड आयुक्तांकडे नोंदवावी लागत असे. ठेकेदार पळाला तरी ज्याचं काम होतं त्या मुख्य मालकावर भरपाईची जबाबदारी येते, आणि तो मागाहून ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. मजुरानं सुरक्षेचं साधन मुद्दाम काढलं होतं हा बचाव कायद्यात आहे, पण त्यात ‘मुद्दाम’ सिद्ध करावं लागतं. साधन दिलंच नव्हतं, किंवा दिलेलं त्या कामाचं नव्हतं, तर तो बचाव उभा राहत नाही.

कुणी म्हणेल, असे अपघात फार होत असते तर आकडे दिसले असते. आकडे दिसत नाहीत कारण मोजायला कुणी बसलेलं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अपघाती मृत्यू मोजतो, त्यात विजेच्या धक्क्याचं वेगळं कलम असतं. गेलेला डोळा मृत्यू नाही, म्हणून तो तिथं येत नाही. २००३ च्या विद्युत कायद्याचं कलम १६१ मात्र लाईनशी किंवा वीज यंत्रणेशी संबंधित अपघातात माणूस जखमी झाला तरी कळवायला सांगतं, त्यात शॉकच लागला पाहिजे अशी अट घातलेली नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानं विजेच्या लाईन आणि पारेषणाचे टॉवर नाव घेऊन बांधकामात धरले होते. कायद्याचा शब्द मजुराच्या बाजूनं आहे, रूढी त्याच्या विरुद्ध आहे. शॉक नाही म्हणून वीजवाले मोजत नाहीत, कारखाना नाही म्हणून दुसरे मोजत नाहीत. नोंद नसण्यालाच धोका नसल्याचा पुरावा मानणं हा मजुरावरचा दुसरा अन्याय आहे.

आणि ज्याचा डोळा गेला त्याचं पुढे काय? दिव्यांगांच्या मोजणीत एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला तर तीस टक्के धरतात. बहुतेक सवलतींचा उंबरठा चाळीस टक्क्यांचा. म्हणजे तो कागदावर धड दिव्यांगही नाही. पण एका डोळ्यानं अंतराचा अंदाज जातो, पोलवर चढलेल्या माणसाला क्रॉस आर्म किती दूर आहे हे कळेनासं होतं, आणि कुठलाही शहाणा मुकादम त्याला पुन्हा वर चढवत नाही. तीस टक्के अपंग माणसाचं काम शंभर टक्के जातं. इथे १९७५ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. डावा हात कोपराच्या वर तुटलेल्या सुताराच्या खटल्यात न्यायालयानं तक्त्यातली टक्केवारी बाजूला ठेवली आणि एका हातानं सुतारकाम होत नाही म्हणून अपंगत्व पूर्ण धरलं. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्यात सांगितलं. लाईनमनच्या डोळ्यासाठी हाच मुद्दा वकिलाकडून मांडून घ्या. तीस टक्क्यांवर गप्प बसू नका.

आता जे करायचं ते सांगतो. कोनाच्या आतल्या बाजूला उभं राहू नका, टर्फर तिथं लावलेला असेल तर जागा बदलल्याशिवाय हँडलला हात लावू नका. तार कापण्याआधी दोन्ही टोकं बांधा, स्टे आधी सैल करा. चकतीवर छापलेले फेरे ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा कमी असतील तर ती चकती बसवू नका, आणि आपटलेली चकती वापरू नका. भंगारासाठी चिनीमातीचे इन्सुलेटर घणानं फोडू नका, काचेसारखी चिलफी उडते. डोळ्यात कण गेला असं वाटलं आणि त्या वेळी ठोकणं किंवा कापणं चालू होतं, तर चोळू नका, रुतलेलं काढू नका, कागदी कप उलटा ठेवून पट्टी बांधा आणि थेट अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयात जा. पंचवीसेक किलोमीटरचं अंतर आहे. लोखंड ठोकत होतो हे डॉक्टरला स्पष्ट सांगा आणि एक्स-रे किंवा सीटी काढायला सांगा. आत लोखंड असण्याची शंका असताना एमआरआय करू देऊ नका, चुंबकानं कण सरकतो. बाभळीची फांदी किंवा काटा लागला असेल तर मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब आणून टाकू नका, बुरशीची जखम त्यानं वाढते. केसपेपरवर ‘कामावर, अमुक गावाच्या लाईनवर’ असं लिहून घ्या आणि त्याचा फोटो घरच्यांना पाठवा. त्याच दिवशी मुकादमाला व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहा, तारीख आपोआप पडते. हत्याराचाही फोटो काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी ते पेटीत नसतं. ईएसआयचं कार्ड असेल तर दावा तिकडे जातो, नसेल तर भरपाईचा अर्ज दोन वर्षांच्या आत. औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो.

कनिष्ठ अभियंत्यांना आणि टेंडर लिहिणाऱ्यांना माझी विनंती वेगळी आहे. पोलच्या दरात सुरक्षेची रक्कम वेगळ्या ओळीत धरा आणि ती वस्तू पाहूनच द्या, बिल पाहून नको. काम सुरू करायच्या परवानगीच्या कागदावर ‘लाईन बंद केली का’ याच्याखाली आणखी एक प्रश्न छापा: आज काय उडू शकतं, कोणत्या बाजूला, आणि तिथं कोण उभं आहे. या प्रश्नाचं उत्तर लिहायला मुकादमाला दोन मिनिटं लागतील. ते उत्तर सही करून लिहिलं गेलं, की पुढच्या वेळी कुणाचा डोळा गेल्यावर ‘नशीब’ म्हणायची सोय उरणार नाही, आणि ती सोय संपली तरच गाडीतले चष्मे बाहेर निघतील.